टाकीची नोंदवही

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आम्हाला 'शाळेची शैक्षणिक वाटचाल' हा विषय दिला होता. त्या विषयावर अधिकारवाणीने लिहू शकणारे आमचे दोन ज्येष्ठ सहकारी आहेत आणि त्यांनी लिहिलेही आहे. आम्ही मात्र गेली जवळजवळ तीस वर्षे इतिहासाच्या तासांबरोबर आणखी एक काम करीत आलो आहोत. सेवापुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही आणि गुणगौरव समारंभातही त्याचे नाव निघत नाही. ते काम म्हणजे वसतिगृहाच्या पाण्याची टाकी सांभाळणे. लिहायचे तर त्याच्याबद्दलच लिहावे, असे आम्ही ठरवले, कारण त्यात आमची एक चूक आहे आणि ती आजवर छापील अक्षरांत कोठेही नोंदलेली नाही.

आम्ही 1996 साली येथे रुजू झालो तेव्हा दिघी हे ग्रामपंचायतीचे गाव होते. दत्तगडाचा डोंगर, लष्कराची कुंपणे, आळंदीकडे जाणारा रस्ता आणि मधूनमधून ज्वारीची शेते, एवढेच. पुढच्याच वर्षी गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. महापालिकेचे पाणी मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने आपल्या आवारात पोचले. तोवर सारी भिस्त आवारातील बोअरवर होती. बोअरचे पाणी जमिनीखालच्या 40,000 लिटरच्या टाकीत यायचे, तेथून मोटारीने गच्चीवरच्या दोन टाक्यांत चढायचे आणि मग नळांना उतरायचे. मुले-मुली मिळून 260 लेकरे ते पाणी पीत. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर असलेल्यांची मुले त्यांत होती, तशीच मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचीही.

टाकीत रोज ब्लीचिंग पावडर टाकायची. खेड्यापाड्यांत तिला 'टीसीएल' म्हणतात. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी हे काम आमच्याकडे सोपवले. कारण एवढेच की आम्ही आवारातच राहत होतो. शिपाईमामा पावडर टाकीत आणि आम्ही नोंदवहीत सही करीत असू. वहीला तीन रकाने होते: तारीख, 'पावडर टाकली' आणि स्वाक्षरी.

साधारण वीस वर्षांपूर्वीच्या एका जुलैत, सलग आठवडाभर पाऊस लागलेला असताना, मुलींच्या खोल्यांतून पोटदुखीच्या तक्रारी येऊ लागल्या. पहिल्या दिवशी चौघी आजारी होत्या. दुसऱ्या दिवशी अकरा झाल्या आणि तिसऱ्या दिवशी मुलेही आजारी पडली. जुलाब आणि उलट्या. स्वयंपाकघरातील मावशींवर सर्वांचा संशय गेला. बिचाऱ्या मावशी रडकुंडीस आल्या. रात्री उशिरा आठवीतील एका मुलीचे डोळे खोल गेले, तेव्हा तिला रिक्षात घालून आम्ही सरकारी दवाखान्यात नेले. तिला तीन दिवस सलाईन लावावे लागले. ती वाचली. हे वाक्य आम्ही सहज लिहितो आहोत, पण त्या तीन रात्री ते सहज नव्हते.

आरोग्य खात्याचे एक कर्मचारी तपासणीस आले. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलेसुद्धा नाही. ते सरळ टाकीपाशी गेले. टाकीचे झाकण एका कोपऱ्यात तडकलेले होते आणि चार हातांवर सांडपाण्याचे गटार तुंबून वाहत होते. मग त्यांनी पावडर मागितली. जिन्याखाली उघड्या तोंडाची गोणी होती. त्यांनी मूठभर पावडर हातात घेतली. तिचे खडे झाले होते आणि नाकाला झिणझिण्या आणणारा तो वास जवळजवळ उरला नव्हता.

"सर, ही गोणी कधी उघडली?"

आम्हाला सांगता येईना. उन्हाळ्यात केव्हातरी उघडली असावी. ओटी चाचणीचे द्रावण कोठे आहे, असे त्यांनी विचारले. ते मार्चमध्येच संपले होते. त्यांनी एका बाटलीत पाण्याचा नमुना घेतला आणि बाटली ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तिच्यातले पाणी काळेकुट्ट झाले होते. पाण्यात विष्ठेतील जीवाणू असल्याची ती खूण असते. नोंदवहीत मात्र त्या महिन्यातील एकही दिवस रिकामा नव्हता. रोज 'पावडर टाकली' आणि रोज आमची सही. नोंद खोटीही नव्हती. पावडर रोज टाकली जातच होती. तिच्यात काही उरले आहे का, हे विचारणारा रकानाच वहीत नव्हता आणि तो असावा, असे आम्हाला कधी सुचलेही नव्हते.

चौथ्या दिवशी त्या मुलीचे वडील परभणीहून आले. रात्रभराचा प्रवास, अंगावर ओले कपडे. "जय भीम, सर" म्हणून ते दारातच उभे राहिले. आम्ही बसण्याचा आग्रह केला तरी ते बसले नाहीत. ते ओरडतील, दोष देतील, अशी आमच्या मनाची तयारी होती. त्यांनी एवढेच विचारले, "पाणी तर आपलंच व्हतं ना, सर?"

त्यांच्या आईला गावच्या विहिरीवर हात लावता येत नसे. कोणी वरून ओतील तेव्हा घागर भरायची. हे त्यांनी प्रवेशाच्या वेळी आम्हाला सांगितले होते. लेक आपल्या माणसांच्या शाळेत आहे, तिथे तिला पाणी मागावे लागणार नाही, या भरवशावर त्यांनी तिला एवढ्या दूर ठेवले होते. आम्ही दर वर्षी 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर भाषण करतो. त्या माणसाला उत्तर देताना आम्हाला एक वाक्य सुचले नाही.

त्यानंतरची गोष्ट अधिक अवघड आहे. पालकसभा बोलवावी आणि कारण सांगून टाकावे, असे आमचे मत होते. संस्थेतील एका ज्येष्ठ हितचिंतकांना ते पटले नाही. "पावसाळी हवा आहे, साथ सगळीकडेच आहे, एवढे पुरे. आपली संस्था म्हटली की बोट दाखवायला लोक टपलेलेच असतात," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दुसऱ्यांच्या शाळेत मुले आजारी पडली तर ती साथ असते. आपल्या शाळेत पडली तर त्यात 'यांना जमायचे नाही' हेही ऐकावे लागते. आम्ही स्वतः चार दिवस गप्प राहिलो. पाचव्या दिवशी सभेत नोंदवही घेऊन उभे राहिलो आणि सह्या आमच्या आहेत, असे सांगितले. दोन पालकांनी मुले काढून नेली. परभणीच्या गृहस्थांनी लेकीला ठेवले.

आता जरा टाकीविषयी. ज्या ज्या वस्तीत, विहारात किंवा सोसायटीत स्वतःची टाकी आहे, तेथील वाचकांना याचा उपयोग होईल.

ताज्या, चांगल्या पावडरीत साधारण 33 टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. ओल, ऊन आणि हवा लागली की तो उडून जातो आणि मागे उरतो तो निव्वळ चुना. दिसायला तो तसाच पांढरा असतो. म्हणून पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवायची आणि डब्यावर उघडल्याची तारीख घालायची. संडास धुण्याचे ॲसिड त्या खोलीत चुकूनही ठेवायचे नाही. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू निघतो. चांगल्या पावडरीचे सर्वसाधारण प्रमाण 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम. आपल्या खालच्या टाकीला 100 ग्रॅम. पावडर कोरडी टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिचा लगदा करायचा, मग पाणी वाढवून ढवळायचे आणि पाच-दहा मिनिटे निवू द्यायचे. चुना तळाशी बसला की वरचे निवळ पाणी टाकीत सोडायचे. त्यानंतर निदान अर्धा तास ते पाणी कोणी प्यायचे नाही. आम्ही तासभर थांबतो.

खरी परीक्षा यापुढे आहे. पाण्यातील घाण, शेवाळ, लोह, टाकीतील गाळ हे सगळे आधी क्लोरीन खाऊन टाकतात. त्यांची भूक भागली की जो उरतो, तो राखणदार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाला येणाऱ्या पाण्यात असा उरलेला क्लोरीन लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम हवा आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा 0.5. टाकीत किती घातला, याला फारसा अर्थ नाही. सर्वांत दूरच्या नळाला किती पोचला, ते पाहायचे. आपल्याकडे तो नळ मुलींच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, अगदी कोपऱ्यात आहे. तेथे रोज सकाळी सहाला चाचणी होते. पूर्वी ओटीच्या थेंबांनी पाणी पिवळे होई. ते द्रावण आरोग्यास चांगले नाही, म्हणून आता डीपीडीची गोळी वापरतो आणि रंग गुलाबी येतो. "आज गुलाबी आला का?" हा प्रश्न वसतिगृहात "नाश्त्याला काय?" इतकाच रोजचा झाला आहे.

नोंदवहीतील 'पावडर टाकली' हा रकाना आम्ही काढला नाही. त्याच्या पुढे 'शेवटच्या नळावर किती' हा रकाना वाढवला आणि सहीचे काम आठवी-नववीच्या मुला-मुलींच्या गटाकडे दिले. आकडा कमी आला तर तो लिहायचा. कमी आकडा लिहिणाऱ्याला कोणी रागावायचे नाही, हा नियम पाळून घेण्यात आम्हाला जितका त्रास झाला तितका पावडरीने कधी दिला नाही. आपल्या मुलांना पैकीच्या पैकी गुण दाखवण्याची सवय लागलेली असते. पहिले दोन महिने रोज 0.5 लिहिलेले सापडे, मग गोळ्या संपलेल्या असल्या तरी!

याच गटातील एका मुलाने आमच्या इतिहासाच्या तासाला जो प्रश्न विचारला, त्याने आम्हाला आमचाच विषय नव्याने वाचायला लावला. आम्ही महाडचा धडा घेत होतो. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव झाला, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले आणि तरीही तेथे पाणी घ्यायला कोणी धजावले नाही. मग 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी मंत्रघोषात पाण्यात रित्या केल्या. मुलगा उठून म्हणाला, "सर, मग त्या पाण्यात केवढी पावडर लागली असती!"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण घरी येऊन बसलो तेव्हा तारखा एकमेकींशेजारी दिसू लागल्या. रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली कलकत्त्यात एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवून दिला. 1897 साली इंग्लंडातील मेडस्टोन गावात विषमज्वराची साथ आली, तेव्हा पाण्याच्या नळवाहिन्या ब्लीचिंग पावडरीने धुतल्या गेल्या. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाईंनी देह ठेवला. 1908 साली अमेरिकेतील जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात रोज क्लोरीन घालायला सुरुवात केली. महाडची शुद्धी त्यानंतर एकोणीस वर्षांनी झाली. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, असे मानणाऱ्यांनी शेण ओतून ते शुद्ध केले. जीवाणूशास्त्राच्या भाषेत त्या दिवशी पाणी पहिल्यांदा बाटवले गेले ते त्या 108 घागरींनी. तळ्यावरचा हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला 17 मार्च 1937 हा दिवस उजाडावा लागला. पुण्यात जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता तो 1868 साली. हक्काचा हा इतिहास आम्ही पंधरा वर्षे शिकवत होतो. हौदातील पाणी पिण्याजोगे कोण आणि कसे ठेवत असे, हे मात्र आम्ही एकदाही विचारले नव्हते.

येथे एक गोष्ट नमूद करतो, काहींना ती रुचणार नाही. विनयात भिक्खूंच्या आठ परिष्कारांमध्ये परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे फडके, सांगितले आहे. त्याचा आधार घेऊन तथागतांना जंतुशास्त्र माहीत होते, असे एका वक्त्यांनी आपल्याच व्यासपीठावरून ठासून सांगितले. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला ते मान्य नाही. फडक्यामागे करुणा आहे: पाण्यातील लहान जीव मरू नयेत ही काळजी. पटकीचा सुटा जंतू साध्या फडक्यात अडकत नाही. ज्या दाव्यांवर आपण इतरांना हसतो, ते आपण करू नयेत. फडक्याचा मान त्याने कमी होत नाही. आपल्या टाकीच्या पाइपालाही आम्ही ते बांधतोच.

महापालिकेचे पाणी आले तेव्हा आता सुटलो, असे वाटले होते. पवना धरणाचे पाणी रावेतला उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध होते आणि क्लोरीन घालूनच निघते. पण 2019च्या नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले आणि आमची काळजी पुन्हा वाढली. दिवसाआड म्हणजे पाणी साठवणे आले आणि साठवले की क्लोरीन उतरत जातो. दुसरे असे की, नळ बंद असताना रिकाम्या वाहिनीत आजूबाजूचे सांडपाणी बारीकशा फटीतूनही ओढले जाते. म्हणून पाणी आले की पहिली काही मिनिटे ते टाकीत घ्यायचे नाही, झाडांना सोडायचे. बागेतील बोधिवृक्ष त्यावर वाढला आहे.

2025च्या जानेवारीत पुण्यात गिया बारे सिंड्रोमची साथ आली. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. महापालिकेत नव्याने आलेली ही गावे. दिघीचीच जुनी गोष्ट. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, काही दगावले. हातापायांतील बळ जाणारा हा आजार बहुधा पोटाच्या साध्या संसर्गामागून येतो. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला आणि सगळ्यांची नजर पाण्याकडे वळली. विहीर, टँकर आणि खासगी आरओ केंद्रांचे पाणी तपासले जाऊ लागले. त्या आठवड्यात आमचा फोन थांबेना. "सर, आपल्याकडे आरओ आहे ना?" असे बहुतेक पालक विचारत.

आरओ आहे. माजी विद्यार्थ्यांनी प्रेमाने दिलेले यंत्र आहे आणि त्यांचा आम्हाला आदर आहे. पण यंत्रातून निघालेल्या पाण्यात क्लोरीनचा अंशही उरत नाही. पुढच्या पिंपात एखादा मळका हात किंवा पेला पडला, तर त्या पाण्याला कोणी राखणदार नसतो. शिवाय एक पेला पाणी देताना यंत्र किती पाणी मोरीत सोडते, हे दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात तरी पाहायला हवे. पालकांना आम्ही फोनवर आरओचे काही सांगितले नाही. रोजच्या नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवू लागलो. त्यात एका दिवशी 0.1 होता. तोही पाठवला, आणि नऊ वाजता पावडर टाकून दहाला पुन्हा केलेली 0.5ची नोंदही. एका आईने उत्तर दिले, "0.1 दिसला म्हणून बाकीचे खरे वाटले."

टँकरचा एक अनुभव सांगायलाच हवा. 14 एप्रिलच्या कार्यक्रमाला आवारात दोन-तीन हजार माणसे येतात आणि पाणी बाहेरून मागवावे लागते. एका वर्षी आमच्या गटातील नववीतील मुलीने टँकरच्या नळीखाली चाचणीची कुपी धरली. गोळी विरघळली, पण पाणी जसेच्या तसे, रंगाचा लवलेश नाही. टँकरवाले दादा चिडले, "पोरगी पाणी तपासायला लागली काय!" ती शांतपणे म्हणाली, "दादा, अर्धा तास थांबा." दहा हजार लिटरला 25 ग्रॅमचे द्रावण करून तिने टँकरमध्ये सोडले. मिरवणूक दारात आलेली, माणसे तहानलेली आणि आम्ही सर्वांना थांबवून ठेवले आहे. त्या दिवशी पुष्कळ बोलणी खाल्ली. पस्तीस मिनिटांनी गुलाबी रंग आला.

वासाची तक्रार अजूनही येते. "सर, पाण्याला दवाखान्याचा वास येतो" असे नवी मुले म्हणतात. पाणी झाकण सैल ठेवून तासभर राहू दिले की वास बराच कमी होतो. आठवडाभरात तेच पाणी त्यांना अंगवळणी पडते. दिवाळीला गावी गेली की उलटी तक्रार येते. एका मुलाने सुटीनंतर सांगितले की, त्याने गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन जलसुरक्षकाकडे वही मागितली होती. जलसुरक्षकांनी वही दाखवली नाही, पण दुसऱ्या दिवशी पाण्याला वास आला.

त्या जुलैची वही आम्ही कपाटात ठेवली आहे. दर जूनला नवा गट तयार होतो तेव्हा ते पान आम्ही उघडून दाखवतो आणि सही कोणाची आहे ते वाचायला लावतो. मुले आमच्याकडे पाहतात, मग वहीकडे पाहतात.

टाक्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपसून, घासून धुतल्या जातात. सकाळी साडेसहाला सुरुवात होते. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी अवश्य यावे. झाडू आणि घमेली येथे आहेत; गमबूट मात्र आपापले आणावेत, संस्थेकडे दोनच जोड आहेत आणि त्यांतला एक आमच्या मापाचा आहे.